जाखमाताला कोण हाक मारतंय

आमच्या घरात खुर्ची एकच होती, पण म्युझिक सिस्टिम होती. बाबांचे एक चुलतभाऊ आखातात कामाला होते. त्यांनी ती येताना आणली आणि नवीन घेतल्यावर जुनी आम्हाला देऊन टाकली. दोघांनी मिळून उचलावी लागेल अशी काळी पेटी, दोन्ही अंगांना गुडघ्याएवढे स्पीकर, वर तीन सीड्या मावणारं फिरतं ताट, खाली कॅसेटची दोन दारं. चिऱ्याच्या भिंतींच्या आमच्या दोन खोल्यांत ती एखाद्या श्रीमंत पाहुण्यासारखी वाटायची. आईने तिच्यावर क्रोशाचं पांढरं कापड घातलं होतं आणि गणपतीच्या दिवसांत ती सिस्टिमलाही हळदकुंकू लावायची. बाबा बोटीवरून आले की पायरीवर पाय धुवायचे आणि अंगाला डिझेलचा, मासळीचा वास तसाच ठेवून आधी भजनाची कॅसेट लावायचे. आतून आई ओरडायची, "आधी आंघोळ करा, देवाला वास येतो." बाबा म्हणायचे, "देवाला मासळीचा वास येत नाय गो, तो रत्नागिरीचाच हाय." मग आवाज आणखी मोठा. चुलीवर तिरफळ घातलेलं बांगड्याचं कालवण रटरटत असायचं आणि त्या वासात, त्या आवाजात मी जमाखर्चाची गणितं सोडवायची.

बाबा शेठांच्या बोटीवर तांडेल होते. तांडेल म्हणजे बोट चालवणारा, जाळं कुठे टाकायचं ते ठरवणारा. बोटीचं नाव होतं 'जाखमाता', देवीवरून ठेवलेलं. वायरलेसवर बोलताना कोणी स्वतःचं नाव सांगत नाही, बोटीचं सांगतो. त्यामुळे बंदरावर बाबांनाही सगळे 'जाखमाता' म्हणूनच हाक मारायचे. लहानपणी कोणी वडलांचं नाव विचारलं की मी तेच सांगायची आणि मोठी माणसं हसायची. शिकण्याचा हट्ट बाबांचाच. "पोरीने शिकायचं. बोटीवाल्याच्या घरात पडायचं नाय," हे ते आईच्या देखत म्हणायचे आणि आईही मान डोलवायची. आमच्या भावकीत कॉलेजची पायरी चढलेलं माझ्याआधी कोणी नव्हतं. आज मी जी काही आहे ती या दोन माणसांमुळे आहे, हे लिहून ठेवताना मला संकोच वाटत नाही.

मी शेवटच्या वर्षाला असताना, दसऱ्यानंतर एकदा अचानक वारा फिरला आणि जाखमाता बुडाली. खलाशांना दुसऱ्या एका बोटीने पाण्यातून वर घेतलं. बाबा तेवढे सापडले नाहीत. ते केबिनमध्ये वायरलेसवर बोलत होते, एवढंच सगळे सांगायचे. शेठांनी किनारा पालथा घातला, थेट मुरुडपर्यंत माणसं पाठवली. काही मिळालं नाही.

देह नसला की घराचं काय होतं ते बाहेरच्याला सांगून कळणार नाही. आईने कुंकू पुसलं नाही, मंगळसूत्र काढलं नाही. आम्ही सुतक धरलं नाही आणि सुटलोही नाही. रोज संध्याकाळी बाबांच्या वाटणीचा भात शिजायचा आणि सकाळी त्याची पेज आम्ही दोघी प्यायचो. गावाहून थोरले काका यायचे, ओटीवर बसून पान जुळवायचे आणि तीच गोष्ट पुन्हा सांगायचे. दर्भाचा पुतळा करायचा, त्यालाच देह मानून अग्नी द्यायचा, म्हणजे गेलेला माणूस सुटतो. "सुनंदा, आपल्या घराला ना धड सुतक, ना धड शुद्धी. गावच्या गणपतीला हात लावायचा की नाय, ता पण कळत नाय. सर्वपित्रीला करून टाकू." आई पदर सावरून दाराआडून म्हणायची, "भाऊ, जित्या माणसाला अग्नी द्यायचा?" काका पान तोंडात टाकून उठायचे. पण दर खेपेला त्यांचा आवाज थोडा चढत होता, आणि यंदा सर्वपित्री अमावास्येला पुतळा झाला नाही तर भावकी आमच्या घरचं पाणीही घेणार नाही, हे त्यांनी एकदा स्पष्टच सांगितलं.

मी बी.कॉम. झाले आणि एका पतसंस्थेत चिकटले. तिथल्या एका बाईंनी त्यांचा जुना मोबाइल मला दिला. रंगीत पडद्याचा, मेमरी कार्ड बसणारा. एसटी स्टँडजवळच्या दुकानातल्या माणसाने त्यात शे-दीडशे गाणी आणि भजनं भरून दिली. फोनचा स्वतःचा आवाज म्हणजे डब्यात अडकलेली माशी. सिस्टिम तर वर्षभर गप्प होती. खाऱ्या हवेने कॅसेटचं रबर वितळून चिकट झालं होतं, सीडीचं ताट फिरायचं पण वाचायचं काहीच नाही. पण मागच्या बाजूला एक लाल आणि एक पांढरं अशी दोन भोकं होती, बाहेरून आवाज आत घ्यायची. मी हेडफोनची वायर कानाच्या बोंडांपाशी कापली, मोडीत निघालेल्या सीडी प्लेअरची लाल-पांढरी पिन घेतली आणि दातांनी सोलून तारांना तारा पिळल्या. अडचण एवढीच की आमच्या घरात मोबाइलला रेंज फक्त मागच्या खिडकीत यायची आणि आई फोन तिथून हलवू द्यायची नाही. "कोनाचा फोन आला नि लागला नाय तर?" ती म्हणायची. कोणाचा, ते ती बोलायची नाही. मग मी घंटीला वापरतात तसली साधी दुपदरी वायर आणली आणि खिडकीपासून, वाशांवरून, देव्हाऱ्याच्या वरून, खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ओढून सिस्टिमला नेऊन जोडली. फोन खिडकीत, गाणं खोलीत.

पहिलं भजन लागलं तेव्हा आई वाटण वाटत होती. पाट्यावरचा वरवंटा थांबला. भजन संपेपर्यंत ती तशीच बसून राहिली आणि मग म्हणाली, "जरा मोठं कर." वर्षभरात तिने स्वतःसाठी काही मागितलं ते पहिलंच.

मला बरं वाटलं. ते फार दिवस टिकलं नाही. त्या सिस्टिमला आता आपोआप आवाज यायला लागले. भजन चालू असताना मध्येच स्पीकरमधून टर्र, टर्र-टर्र असं यायचं, कोणी नखाने पत्रा खरवडल्यासारखं, आणि दोन-चार क्षणांनी फोन वाजायचा. फोन वाजण्याआधी त्याची लहर वायरीत शिरते, यात नवल काही नाही. आज हे शाळेतलं पोरही सांगेल. पण आईला ते कळल्यावर ती स्पीकरपाशीच बसू लागली. भाजी निवडताना, भात वैरताना तिचा एक कान तिकडे. टर्र झालं की ती हात पुसून उठायची. "येतोय," म्हणायची. आणि फोन यायचाच. पतसंस्थेचा, नाहीतर चुकून कोणाचा.

एका तिन्हीसांजेला भजन संपलं होतं आणि मी पुढचं लावलं नव्हतं. आई देवापुढे दिवा लावत होती. स्पीकरमध्ये आधी फुंकर मारल्यासारखा आवाज झाला. मला वाटलं, फोन येतोय. मग माणसाचा आवाज आला. माणसाचा, पण कोणाचा ते कळू नये असा. तोंड पाण्यात घालून, नाकातून बोलल्यासारखा.

"जाखमाता. जाखमाता. आयकतंस काय?"

आणि मग काही नाही. कोणी उत्तराची वाट बघत थांबावं इतका वेळ शांत. मग पुन्हा तोच आवाज, पाण्याची खोली विचारणारा: "हां. किती वाव पाणी?" पुन्हा शांत. "बरं. बरं. संबाळून."

मी आईकडे बघितलं. काडी तिच्या बोटांपर्यंत जळत आली होती. ती घाबरली नव्हती. तिचा चेहरा असा झाला होता की मलाच भीती वाटली. बंदरावरून नवऱ्याची बोट दिसल्यावर बायकांचा होतो ना, तसा. "आयकलंस?" ती हळूच म्हणाली. "त्यांच्याशी कोणीतरी बोलतंय."

"आई, दुसऱ्या कुठल्या बोटीचं असेल."

"दुसरी जाखमाता हाय काय बंदरात?"

नव्हती. मला माहीत होतं तेवढ्यात तरी नव्हती.

त्यानंतर रोज. दिवेलागणीला हातातली कामं टाकून आई कापड बाजूला करायची आणि स्पीकरच्या जाळीला कान लावून बसायची. हाक मारणारा आवाज आला की ती ऐकायची. पण तिचं खरं ऐकणं सुरू व्हायचं तो आवाज थांबल्यावर. मधल्या त्या शांततेत ती डोळे मिटून, श्वास रोखून बसायची, कारण तिच्या मते तेव्हा बाबा बोलत होते, फक्त आपल्याला ऐकू येत नव्हतं. मी एकदा सिस्टिमचं बटण बंद केलं. बटण बंद, दिवा विझलेला, आणि तरीही जाळीच्या आतून अगदी बारीक, मुंगी बोलावी तसं आलं: "जाखमाता. जाखमाता." मी शिकलेली होते, अशा गोष्टींवर माझा विश्वास नव्हता. पण अविश्वास दिवसा जितका पक्का असतो तितका दिवेलागणीला राहत नाही. एका संध्याकाळी शांतता चालू असताना आईने माझं मनगट घट्ट धरलं. "आत्ता 'हां' म्हणाले," ती म्हणाली. मला काही ऐकू आलं नव्हतं. तेव्हाही नाही, आणि इतक्या वर्षांत आठवून आठवूनही नाही.

गणपतींचं विसर्जन झालं, पितृपक्ष लागला. काका दर्भाची जुडी पिशवीत घालूनच आले. आईने त्यांना बाहेर ओटीवर बसू दिलं नाही, आत आणलं आणि सिस्टिमसमोर पाट मांडला. "भाऊ, जरा बसा. मग काय ता ठरवा." संध्याकाळ झाली. फुंकर आली. "जाखमाता. जाखमाता. आयकतंस काय?" काकांच्या हातातली सुपारी खाली पडली. त्यांनी ती उचलली नाही. मग म्हणाले, "सुनंदा, ही हाक मारणारी मानसं नव्हेत. पान्यातली हायत. त्याला सोडत नायत ती. अमावास्येपर्यंत पन थांबायचं नाय, उद्याच करू."

"ते बोलतायत म्हणजे ते हायत," आई म्हणाली.

"बोलतोय म्हणजे सुटलेला नाय!"

एकच आवाज. दोघांनीही ऐकलेला. एकाला त्यात जिवंत माणूस दिसत होता, दुसऱ्याला अडकलेला जीव. मी मध्ये उभी, आणि पदवीचा कागद ट्रंकेत. काका त्या रात्री आमच्याकडे जेवले नाहीत. शेजारी ओळखीच्यांकडे निजायला गेले आणि जाताना सांगून गेले, उद्या दिवस मावळायच्या आत भटजींना घेऊन येतो.

दुसऱ्या दिवशी मी रजा टाकली. पाण्याला गेले तर नळावरच्या बायका बोलता बोलता थांबल्या. तसं त्या बरेच दिवस थांबत होत्या. मला वाटायचं, दुःख बघून थांबतात. दुपार कलली. काका आणि भटजी यायचे होते. त्या दिवशी आवाज रोजच्यापेक्षा लवकर आला, ऊन अजून खिडकीत होतं. "जाखमाता. जाखमाता." शांतता. "बर्फ किती उरलाय?" शांतता. "संपत आलाय? मग कसं करनार?"

मी मनात म्हटलं, मेलेल्या माणसाला बर्फ कशाला लागेल? माझ्या डोक्यात काहीतरी हलायला लागलं होतं. पण माझ्या आधी आई उठली. तिने केस बांधले, कुंकू नीट केलं, पायांत चपला घातल्या.

"कुठे?"

"शेठांकडे. बर्फ संपत आलाय. मासळी कुजंल. बोट त्यांची हाय, त्यांना सांगायला नको?"

शेठांचं घर आमच्या मागच्या घाटीवर, आमच्या खिडकीच्या बरोबर वर. त्यांच्या छपरावर लोखंडी नळ्यांचा उंच अँटेना होता. लहानपणापासून तो इतका बघितला होता की दिसेनासा झाला होता. बाबा गेल्यापासून आई ती घाटी चढली नव्हती. आज ती माझ्या पुढे, भराभर. अर्ध्या वाटेवर मी वळून आमच्या घराकडे बघितलं. आमची खिडकी, खिडकीतला फोन, तिथून आत गेलेली माझी वायर. आणि मला सगळं कळलं. मी "आई" म्हणून हाक मारली, पण ती थांबली नाही आणि मी दुसऱ्यांदा हाक मारली नाही. हे तिला मी सांगण्यापेक्षा तिने बघावं, असं मला वाटलं. ते बरोबर होतं की नाही, अजून ठरवता येत नाही.

शेठांच्या पडवीत वायरलेसचा सेट होता आणि त्याच्यापुढे माइक हातात घेऊन शेठ बसले होते. त्यांची बायको, माई, सूप घेऊन दारात. आम्हाला बघून तिचं सूप खाली ठेवायचं राहिलं. आई उंबऱ्यात उभी राहून म्हणाली, "शेठ, जाखमाताचा बर्फ संपत आलाय."

शेठ काही बोलायच्या आत सेट खरखरला आणि त्यातून एका तरुण माणसाचा मोकळा, स्वच्छ आवाज आला. "घर, घर, जाखमाता बोलतंय. शेठ, आयकताय काय? ओव्हर."

ही बाजू आम्ही कधीच ऐकली नव्हती. खाली आमच्या वायरीत फक्त शेठांच्या अँटेनातून निघालेलं शिरायचं, समुद्रावरून येणारं नाही. इतके दिवस आई ज्या शांततेला कान लावून बसत होती, तिच्यात हा मुलगा बोलत होता.

"ह्यो कोण?" आईने विचारलं.

शेठांनी माईकडे बघितलं. बोलली ती माईच. "नवी बोट घेतली गो सुनंदा. जयगडला बांधली, तिकडनंच सोडली. तुला दिसू नये म्हणून इकडे आनली नाय. देवीचं नाव पान्याखाली ठेवत नायत, तुला ठावं हाय. नव्या बोटीला तेच नाव चढवायला लागतं. सगळ्या वाडीला सांगितलं होतं, सुनंदाच्या कानावर घालू नका." शेठ म्हणाले, बोट पहिल्यांदा समुद्रात गेली ती गणपतीच्या दुसऱ्या दिवशी. आई शेवटपर्यंत म्हणत राहिली की आपण पहिली हाक ऐकली तेव्हा गणपती यायचे होते. मला नक्की आठवत नाही. आठवायचा मी फार प्रयत्नही केलेला नाही.

आई हळूहळू खाली बसली, मीही तिच्याशेजारी. मला वाटलं, आता ती रडेल, नाहीतर माईला बोलेल. ती भिंतीकडे बघत म्हणाली, "म्हणजे त्यांचं नाव काढून दिलंत." तिचा आवाज वेगळाच होता. वर्षभर जे कोणी तिला पटवू शकलं नव्हतं, ते पडवीतल्या त्या एका गोष्टीने झालं होतं. दुसऱ्याला नाव दिलं, म्हणजे पहिल्याकडून ते काढून घेतलं.

"कुठल्या पान्यात हाय तो आता?" तिने विचारलं.

शेठांनी माइक सेटपाशी ठेवला. "त्याच," ते म्हणाले. "तिथंच मासळी हाय."

"मला बोलू द्या."

माईने माइक तिच्या हातात दिला आणि तिचा अंगठा धरून बटणावर ठेवला. "दाबलंस की तू बोलायचं. सोडलंस की तो बोलनार. दाबलेलं असलं की त्याचं आयकू येत नाय."

आईने दाबलं. "पोरा, मी सुनंदाकाकी. आधीच्या तांडेलाची." मग सोडलं.

बराच वेळ नुसती खरखर. मग त्या मुलाचा आवाज, आता एकदम लहान झालेला. "बोला काकी. ओव्हर."

"जेवान झालंय बोटीवर?"

"भात झालाय. कालवन चुलीवर हाय. ओव्हर."

"पयलं पान वाढ. मीठ नको घालूस. दक्षिनेला तोंड कर नि पान्यात सोड. सोडलंस की सांग."

शेठ उठून उभे राहिले. माईने पदर डोक्यावर घेतला. मीही उभी राहिले, कोणी सांगितलं नव्हतं. सेटचा छोटा हिरवा दिवा तेवढा जळत होता. खालून आमच्या वाटेवरून काकांचा आवाज आला, ते भटजींना घर दाखवत होते. खरखरीत कधी लाट ऐकू आल्यासारखं वाटायचं, कधी नुसतीच खरखर. कोणी हललं नाही.

"सोडलं काकी," आवाज आला. "लगेच बुडालं. ओव्हर."

आईने मान हलवली, जणू त्याला ती दिसत होती. माझ्याकडे बघून म्हणाली, "खाली जा. भाऊंना सांग, दर्भ नको. झालं सगळं." मी निघाले, पण दारापर्यंतच गेले. तिने पुन्हा माइक तोंडाशी धरला होता.

"आता परत फिर, पोरा. बर्फ संपलाय ना? मग कशाला थांबतोस तिथं? अंधार व्हायच्या आत नीघ. ये घरी."

तो नक्की काहीतरी म्हणाला असणार. पण आईने बटण दाबूनच ठेवलं होतं. माईने हळूच तिचा अंगठा उचलायचा प्रयत्न केला, तो निघाला नाही.